मुंग्यांचा निकाल

पारोळ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून पाण्याची खोली होती. तिला दार होतं, कडीही होती. पण त्या कडीला कुलूप लावण्याचा विचार घर बांधल्यापासून कुणाच्याही मनात आला नव्हता. आत दोन माठ, एक रांजण, पितळी हंडे, कोनाड्यात उलटे घातलेले पेले, आणि भर वैशाखातही तळव्यांना गार लागणारी फरशी. मी चौदा वर्षांचा असताना या दाराला दीड दिवस कुलूप होतं. त्या दीड दिवसाविषयी आजवर मी कुठेही लेखी काही पाठवलेलं नाही. एरवी नगरपालिका, वीज मंडळ, विमा कंपनी आणि एस.टी. यांना धाडलेल्या पत्रांच्या स्थळप्रतींनी माझ्या कपाटाचे दोन कप्पे भरलेले आहेत, आणि माझी सून त्या कप्प्यांना ‘बाबांचं रणांगण’ म्हणते. तिचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त या रणांगणावर पहिली तक्रार कोणती होती आणि तिचा अर्धा भाग अजून का पडून आहे, हे तिला ठाऊक नाही. ते इथे लिहितो.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, मामलेदार कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसणारे अर्जनवीस होते. तालुक्यातला कोणताही शेतकरी, विधवा, सुतार, पिंजारी, ज्याला म्हणून सरकारला काही सांगायचं असेल, तो आधी आबांच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसे. रडत आलेल्या माणसाचं रडणं आबा पूर्ण ऐकून घेत आणि मग दोन परिच्छेदांत असं बसवत, की त्यात अश्रूंचा डाग राहत नसे आणि मुद्दा एकही सुटत नसे. त्यांच्या अर्जात चूक काढणं कचेरीतल्या कारकुनांना जमत नसे. संध्याकाळी घरी आल्यावरही ओसरीवर त्यांचं लेखन चाले. टाकाचं ते कुरकुरणं, पलीकडे स्वयंपाकघरात माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असल्याचा थपथप आवाज, आणि खलात मिरची-लसूण कुटल्याचा नाकात जाणारा वास. माझं बालपण कुणी मागितलंच, तर मी एवढंच काढून देईन. आमच्याकडचं जेवण तिखट. भाकरीवर ठेचा, सणावाराला डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी, वांग्याच्या भरितातही हिरव्या मिरच्या. तहानलेल्या माणसाने खावं असं ते जेवण नव्हे. पण तेव्हा घरात कुणी विशेष तहानलेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर माझ्या शाळेचे हेडमास्तर येऊन बसत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, असं स्पष्टीकरण कायद्यात आहे, आणि जे मी सिद्ध करू शकत नाही ते मी छापत नाही. जे सिद्ध करू शकतो ते मात्र सोडणारही नाही. शाळेच्या मंडळाचा सगळा पत्रव्यवहार आबा त्यांना लिहून देत. त्या बदल्यात हेडमास्तर आबांना गावात ‘आमचे लेखणीबहाद्दर’ म्हणत. एवढ्या एका विशेषणावर माझ्या वडिलांचा पाठीचा कणा किती वाकू शकतो, हे मला लवकरच कळायचं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या आठवड्यातली गोष्ट. हेडमास्तर आमच्या वर्गावर भूगोल शिकवत होते. कुणीतरी हसलं. हसला तो माझ्या मागच्या बाकावरचा. मान धरली गेली ती माझी. त्यांनी मला फळ्यापर्यंत ओढत नेलं आणि फळ्याच्या लाकडी चौकटीवर माझं डोकं दोनदा आपटलं. पहिला आवाज मला आठवतो. दुसरा वर्गमित्रांनी सांगितला. शुद्धीवर आलो तेव्हा मी शाळेच्या कार्यालयातल्या टेबलावर होतो, शर्टावर नाकातलं रक्त होतं, आणि आबा शेजारी उभे होते. घरी जाताना त्यांनी मला समजावलं, की मायला उगाच काळजी नको, तू जिन्यावरून पडलास असं सांग. मी सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली खोटी साक्ष. आणि ती मला एका निष्णात अर्जनवीसाने पढवली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत मला तहान लागली. हे वाक्य मी असंच ठेवतो, कारण ती लागली ती एखादा ताप लागावा तशी, ठरावीक दिवशी, आणि मग गेलीच नाही. पाणी प्यायचो, पेला खाली ठेवेपर्यंत घसा कोरडा. गारच पाणी हवं वाटे. दिवसाला मी एकटा घागरभर पाणी पीत होतो, आणि जेवढं पीत होतो तेवढंच दर अर्ध्या तासाने बाहेर जात होतं, विहिरीतून नुकतं काढल्यासारखं स्वच्छ, बिनरंगाचं, बिनवासाचं. झोप अशी राहिलीच नाही. अंथरूण ओलं होऊ लागलं. शाळेत एका सत्रात एकदाच बाहेर सोडायचा नियम होता. त्या नियमामुळे माझ्या चड्डीची जी शोभा होई, तिच्यावर मुलांनी रचलेलं गाणं मी इथे देत नाही, जरी ते मला पूर्ण पाठ आहे. आमच्या गल्लीचा आड दीडशे पावलांवर होता. माझ्यामुळे मायच्या रोज दोन खेपा वाढल्या. माझ्या उशाशी तांब्या ठेवताना ती एकदा एवढंच म्हणाली, “पे रे पोऱ्या. आड काही आटत नही.”

आबांना मात्र लाज वाटू लागली. आल्यागेल्यासमोर मी पेल्यामागून पेले रिचवतो, मध्येच उठून परसात धावतो. गावातल्या वैद्यांनी दिलेली भस्मं खाऊन झाली. मग वैशाखातल्या एका संध्याकाळी हेडमास्तरांनी ओसरीवर विषय हाती घेतला. त्यांनी सांगितलं, की एवढी तहान आणि एवढी लघवी म्हणजे एक तर मधुमेह, नाही तर सवय. मधुमेह असेल, तर लघवीला साखर असेल. साखर असेल, तर मुंग्या येतील. ही परीक्षा आपल्याकडे वाडवडिलांपासून चालत आलेली आहे, शहरातल्या डॉक्टरची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या भिंतीपाशी, जिथे काळ्या मुंग्यांची रांग कायम चालू असे, तिथे मला उभं करण्यात आलं. हेडमास्तर, आबा आणि साक्षीला बोलावलेले शेजारचे एक नाना, असे तिघं प्रतिष्ठित गृहस्थ माझ्या लघवीकडे बघत उभे राहिले. हेडमास्तरांनी हातभर अंतरावर गुळाचा खडा ठेवला. मुंग्या जागेवर आहेत आणि त्यांना भूक आहे, हेही सिद्ध व्हायला हवं, असं ते म्हणाले. नानांनी विचारलं, की मुंग्यांना आज एकादशी असली तर. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने गुळाचा खडा काळा झाला. माझ्या बाजूला एक मुंगी आली, कडेला थबकली आणि वळसा घालून निघून गेली.

आता मी या पुराव्याचं मूल्यमापन करतो, कारण तेव्हा कुणी केलं नाही. निरीक्षण अचूक होतं. गुळाचा खडा ठेवणं तर शास्त्राला धरून होतं. माझ्या लघवीत साखर नव्हती, हे पुढे धुळ्यातही सिद्ध झालं. पण ‘मधुमेह नाही’ यावरून ‘रोगच नाही’ हा निष्कर्ष त्यांनी काढला, तो कोणत्याही न्यायालयात एक मिनिट टिकला नसता. आणि तो काढला कुणी? ज्याच्या हाताने माझं डोकं फुटलं त्याने. माझ्या शरीरात काही बिघाड निघालाच, तर त्याचा माग त्याच्या दारापर्यंत जाणार होता. स्वतःच्याच खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व मी पुढे जळगावच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून नोकरी करताना शेकडो वेळा टाइप केलं. दर वेळी मला ती तीन धोतरं आणि तो गुळाचा खडा दिसे. आणि कुणी याला जुन्या काळचं अज्ञान म्हणून सोडून देऊ नये. मागल्या वर्षी जळगावात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालो. रात्रीपासून पाणी बंद, असं फर्मान निघालं. मी माझ्या रोगाचं नाव सांगितलं, ज्यात ‘डायबेटिस’ हा शब्द असला तरी साखरेचा संबंध नाही. एका तरुण डॉक्टरने बोटाला सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि हसून म्हणाला, “काका, तुम्हाला डायबेटिस नाहीच.” मुंग्यांच्या जागी यंत्र आलं आहे, इतकाच फरक. मी तीन प्रतींत लेखी नोटीस दिली, एका प्रतीवर पोच घेतली, तेव्हा कुठे वरिष्ठ डॉक्टर धावत आले आणि शिरेतून पाणी सुरू झालं. या रोगाच्या नावातून ‘डायबेटिस’ हा शब्द अलीकडे तज्ज्ञांनीच काढून टाकला, असं वाचलं. चांगलं झालं. पण किती जणांचा घसा कोरडा पडल्यावर?

निकाल लागला, आता शिक्षा. सवय ही शिस्तीने मोडते, असं हेडमास्तरांनी ठरवलं. सकाळी एक पेला, दुपारी जेवताना एक, संध्याकाळी एक, सात दिवस. आबांनी बाजारातून कुलूप आणलं. एवढंच करून ते थांबले नाहीत. त्यांनी हे वेळापत्रक आपल्या सुंदर वळणदार अक्षरात, समास सोडून, कागदावर लिहिलं आणि पाण्याच्या खोलीच्या दारावर खळीने चिकटवलं. घरचं पाणी मायने ओट्यावरच्या एका लहान कळशीत घ्यायचं, आणि ती कळशी आबांच्या नजरेखाली राहायची. मायने विरोध केला नाही असं नाही. तिला उत्तर मिळालं, की यात बायकांना काय कळतं, गुरुजींनी परीक्षा करून पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली. भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. लाळच नव्हती, गिळणार कशाने? धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, माय आणि शेजारणी वाळवणाच्या बिबड्या घालत होत्या. ज्वारीच्या शिजत्या पिठाच्या वासाने एरवी मी मांजरासारखा घुटमळायचो, त्या दिवशी तो वास घशात कापूस कोंबल्यासारखा वाटला. दोरीवर वाळत घातलेलं ओलं धोतर मी चोखलं. ते आबांचं होतं. त्यांनी पाहिलं आणि दोरी उंच बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, आणि समोरच्या भिंतीत मला आड दिसू लागला, रहाटासकट. मी रडत होतो, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. लघवी मात्र येत होती. तशीच, स्वच्छ, भरपूर. अंगातलं पाणी डोळ्यांना मिळत नव्हतं, जिभेला मिळत नव्हतं. ते फक्त जात होतं.

हे बघत होती ती माय. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आईने या दीड दिवसात असं काम केलं, जे तीन शिकल्या-सवरल्या पुरुषांना सुचलं नाही. तिने मोरीत तुपाचा जुना डबा ठेवला होता आणि मला तिथेच बसायला सांगितलं होतं. डबा भरत आला, की ती त्यातलं तांब्याने मोजून ओतून देई आणि चुलीमागच्या भिंतीवर दर तांब्याला कोळशाने एक रेघ ओढी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जमिनीवर कोसळलो आणि हाकेला ओ देईना, तेव्हा ती भिंतीपाशी गेली, रेघा मोजल्या आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. सुट्टीचा दिवस होता; ओसरीवर आबा आणि हेडमास्तर पान लावत बसले होते. वरवंट्याचे चार घाव मला जमिनीवरून ऐकू आले. पाचव्याला कडी कोयंड्यासकट निघाली. दोघं धावत आत आले, तेव्हा तिने मला मांडीवर घेऊन तोंडाला तांब्या लावलेला होता. ती त्यांच्याकडे न बघता बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“कालपाईन पाच पेला पानी दिधं तुम्ही. आनि याना आंगमाईन सात तांब्या गयं. बठ्ठं मी मोजेल शे. सवय पानी पेवानी ऱ्हास. न पेयेल पानी जास ते कोनती सवय शे, सांगा गुरुजी.”

हेडमास्तर चपला घालून निघून गेले. आबा दारावरच्या त्या कागदाकडे बघत उभे राहिले. कडी निघताना तो मधोमध फाटला होता.

दुसऱ्या सकाळी मायने मला धुळ्याच्या एस.टी.त बसवलं. आबा आले नाहीत. कचेरीत तारखा होत्या. तिच्या मांडीवर पाण्याचा डबा, पायाशी रिकामा डबा. तरीही वाटेतल्या म्हसवे गावाच्या पुढे तीनदा गाडी थांबवावी लागली. तिसऱ्या वेळी कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरूनच विचारलं, “मावशी, बठ्ठी गाडी पोऱ्याना नावे लिखी दिधी का?” गाडी हसली. माय म्हणाली, “लिखी दिधी. तू थांबाड.” त्याने थांबवली.

धुळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, मोठ्या शहरातून शिकून नुकते आलेले. आतापर्यंत प्रत्येकाने मला विचारलं होतं, की तू इतकं पाणी का पितोस. त्यांनी मायला विचारलं, की किती जातं. तिने रेघांचा हिशेब सांगितला. ते लिहायचे थांबले आणि हे कुणी मोजलं म्हणून विचारलं. तिने मान खाली घातली, जणू काही गुन्हा केला होता. त्या वेळी त्यांनी तिला जसा नमस्कार केला, तसा मान मी कुणाच्याही मानपत्रात पाहिलेला नाही.

मग ते म्हणाले, की उद्या सकाळपासून एक तपासणी करायची आहे, तिच्यात पाणी बंद ठेवावं लागेल. हे ऐकल्याबरोबर मी खाटेवरून उडी मारून दाराकडे पळालो. वॉर्डबॉयने धरलं, त्याच्या मनगटाला मी चावलो. डॉक्टर आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. “पाणी बंद करणार मी,” ते म्हणाले. “पण मी इथून उठणार नाही. दर तासाला तुझं वजन करीन, जाईल ते मोजीन. वजन काट्यावरच्या या रेघेच्या खाली आलं, की तांब्या तुझ्या हातात. रेघ तूच बघत राहा.” आणि ते खरोखर उठले नाहीत. काट्यावर चढ, उतर, भांड्यात कर, काट्यावर चढ. तहान तीच होती, जीभ तशीच वाळली होती. पण पारोळ्यात माझ्यावर पहारा होता आणि इथे माझ्यावर लक्ष होतं. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती कुणाचंही मूल देऊ नये, असं माझं मत आहे, आणि ते मी शिक्षणखात्याला दोनदा लेखी कळवलेलं आहे.

दुपारनंतर वजनाचा काटा रेघेला टेकला. त्यांनी लगेच दंडात तेलातलं इंजेक्शन दिलं, जाडजूड, जळजळीत. तांब्या हातात आला, मी प्यायलो. संध्याकाळी पुन्हा भांड्यात केली, तर थोडीच झाली, आणि ती पिवळी होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पिवळी. परिचारिकेने भांडं उजेडाला धरून डॉक्टरांना हाक मारली. आणि मग ते झालं, जे शब्दांत बसवायला मला आजही जमत नाही. माझ्या उशाशी भरलेला तांब्या होता आणि तो मला नको होता. मी त्याच्याकडे बघत होतो. तो नुसता एक तांब्या होता.

चौथ्या दिवशी आबा आले. डॉक्टरांनी त्यांचा व्यवसाय विचारून घेतला आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी देठाने लोंबते. त्या देठाच्या वर मेंदूत एक छोटी कचेरी आहे, ती सतत रक्ताची चव बघत असते. पाणी राखून ठेवा, असा हुकूम ती एका रसाच्या रूपाने तयार करते. तो हुकूम मज्जातंतूंच्या धाग्यांतून देठावाटे खाली उतरतो आणि ग्रंथीच्या मागच्या भागात, म्हणजे तुमच्या कचेरीतल्या बारनिशीत, जिथून टपाल बाहेर जातं तिथे, साठून राहतो. रक्त दाट झालं, की वरून इशारा येतो आणि बारनिशी हुकूम थेट रक्तात सोडते. पाकिटावर पत्ता नसतो. तो सगळ्या अंगभर फिरतो, हातापायांतून, यकृतातून. पण पाणी राखण्याच्या कामी तो वाचता येतो फक्त मूत्रपिंडांना. ती वाचतात आणि पाणी परत ओढून घेतात. या मुलाची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. त्यांना हुकूमच पोहोचत नाही. देठाला मार बसलेला दिसतो.

आबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांना समजत होतं. कारकुनी व्यवहारातलं काहीही त्यांना समजावून सांगावं लागत नसे. मग डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, की मुलाच्या डोक्याला कधी मार लागला होता का.

“नाही,” आबा म्हणाले. “पडला असेल खेळताना.”

मी लिहितो आहे ते विचारपूर्वक लिहितो आहे. कुलूप मी एखाद वेळी समजून घेतलं असतं. अडाण्याच्या नादी लागून शहाणा माणूसही कुलूप लावतो. पण हे ‘नाही’ माझ्या वडिलांनी सगळं कळल्यानंतर उच्चारलं. देठ कुठे तुटला, हे त्यांना त्या खोलीत डॉक्टरांच्याही आधी उमगलं होतं. माय माझ्याकडे बघत होती. तिला अजून जिनाच माहीत होता. मी खाटेवर उठून बसलो आणि फळा, चौकट, दोन वेळा, नाकातलं रक्त, सगळं क्रमाने सांगितलं, आबांनीच इतरांच्या अर्जांत मांडावं तसं. डॉक्टरांनी शब्द न शब्द केसपेपरवर उतरवला. मायने आबांकडे पाहिलं. त्यानंतर वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलल्याचं मला आठवत नाही. ताट वाढे आणि आत जाई.

घरी आल्यावर मी आबांना म्हणालो, की तक्रार लिहा. त्यांनी सांगितलं, की गावात राहायचं आहे. म्हणून मी स्वतः लिहिली. शिक्षणाधिकाऱ्यांना उद्देशून, त्यांच्याच टाकाने, त्यांच्याच कागदावर. तिच्यात दोन आरोप होते. पहिला हेडमास्तरांवर, डोकं फोडल्याचा. दुसरा माझ्या वडिलांवर, मला दीड दिवस पाण्यावाचून ठेवल्याचा आणि डॉक्टरांपुढे खोटं सांगितल्याचा. लिहून झाल्यावर तो कागद मी ओसरीवर त्यांच्या मांडीजवळ ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. पूर्ण वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो; चौदा वर्षांच्या मुलाला जे हवं असतं त्याची वाट बघत होतो. त्यांनी टाक उचलला, वरच्या ओळीतला अधिकाऱ्याचा हुद्दा दुरुस्त केला, एका वाक्यातलं क्रियापद बदललं. मग दुसऱ्या आरोपाच्या कडेला समासात एक उभी रेघ ओढली आणि म्हणाले, “हा मजकूर या कचेरीच्या अखत्यारीत येत नाही. वेगळा अर्ज कर.” कागद मला परत दिला आणि ते हात धुवायला गेले.

पहिला आरोप मी स्वच्छ नक्कल करून पाठवला. काही महिन्यांनी एक ओळीचं उत्तर आलं, की चौकशी झाली, तथ्य आढळलं नाही. हेडमास्तर यथावकाश निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराचं मानपत्र कुणी लिहिलं, हे पारोळ्यात विचारायची गरज नव्हती. मी शिकलो, जळगावला आलो, इथेच निवृत्त झालो. तेलातल्या इंजेक्शनांच्या जागी नाकातले थेंब आले, आता जिभेवर विरघळणारी एवढीशी गोळी आहे. मधल्या काळात मात्र इंजेक्शन कधी मिळे, कधी न मिळे. आणि मिळालं तरी गावचा कंपाउंडर तळाशी बसलेलं तपकिरी औषध न हलवता नुसतं तेल टोचून मोकळा होई. मग तहान परत येई.

त्या सगळ्या वर्षांत, मी घर सोडेपर्यंत, रोज पहाटे माझ्या उशाशी ताज्या पाण्याची घागर भरलेली असे. मायने ती कधी भरली नाही. ते काम तिने सोडून दिलं होतं. पहाटे आडावर रहाटाचा आवाज होई, मग दारातून खोकला आणि घागर टेकल्याचा आवाज. आबांनी एकही दिवस चुकवला नाही, ताप असतानाही, आणि त्याविषयी एक शब्दही काढला नाही. ते गेले, त्यालाही आता बराच काळ लोटला. माझी बहीण म्हणते, की एवढं पाणी भरलं त्यांनी, आता तरी सोडून दे भाऊ.

मी ते पाणी प्यायलो, हे मान्य करतो. रोज प्यायलो. ती कबुली होती, असंही समजायला मी तयार आहे. पण माझ्या वडिलांना कबुली म्हणजे काय हे तालुक्यातल्या कुणाही माणसापेक्षा जास्त ठाऊक होतं: ती स्वतःच्या शब्दांत असावी लागते, आणि खाली सही असावी लागते. सबब ते पाणी मी पुरावा म्हणून दाखल करतो, माफी म्हणून स्वीकारत नाही. आणि हा वेगळा अर्ज, कोणत्या कचेरीला द्यायचा ते त्यांनी सांगितलं नाही म्हणून, वाचणाऱ्याच्या हाती देतो.